समुद्रावर मच्छरदाणी

बोटीच्या सहलीची तिकिटं लेकीनं आणि जावयानं हातात ठेवली तेव्हा काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि काकांनी चष्मा लावला. तिकिटांबरोबर एक गुळगुळीत माहितीपुस्तिका होती. मुखपृष्ठावर निळं पाणी, पांढरी बोट आणि कठड्याला टेकून हसणारं एक जोडपं. काकू ते जोडपं बघत बसल्या. काकांनी पुस्तिका उलटी केली आणि शेवटच्या पानापासून वाचायला घेतली. जगातली सगळी खरी माहिती शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं.

काका विमा कंपनीत दावे तपासत. कुणाची गाडी ठोकली, कुणाच्या दुकानाला आग लागली, कुणी जिन्यावरून घसरलं, की तो कागद काकांच्या टेबलावर येई आणि काका त्याला कुठली अट लागू पडते ते शोधत. बहुतेक वेळा सापडेच. घरीही सवय सुटत नसे. गच्चीवर कपडे वाळत घालण्यापासून जिन्यात सायकल ठेवण्यापर्यंत सगळ्याच्या अटी त्यांनी इमारतीच्या फळ्यावर लावल्या होत्या, म्हणून पोरं त्यांना 'अटीकाका' म्हणत. काकूंचा काही एक गुन्हा नसताना त्या 'अटीकाकू' झाल्या होत्या.

तर शेवटच्या पानावर, सामान हरवल्यास काय आणि बोट उशिरा सुटल्यास काय, यांच्या मधोमध एक ओळ होती. काही बंदरांवर डासांमुळे होणाऱ्या आजारांचा धोका असतो, प्रवाशांनी योग्य ती काळजी घ्यावी.

"योग्य ती," काका म्हणाले. "कुठली ते लिहिलेलं नाही. म्हणजे उद्या काही झालं की हे हात झटकायला मोकळे."

"अहो, हा धबधबा बघा," काकू मधलं पान उघडून म्हणाल्या. "एका बेटावर उतरून जंगलातून चालत जायचं, की हा असा समोर येतो. मी आजवर धबधबा फक्त कॅलेंडरवर पाहिलाय."

काकांना धबधबा दिसलाच नाही. त्यांना दिसलं ते जंगल, आणि जंगलातलं साचलेलं पाणी.

यात त्यांची सगळीच चूक होती असं नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि काकांचं तोंड आदल्या वर्षी चांगलंच पोळलं होतं. काकूंना डेंग्यू झाला होता. ताप चढला, रक्तातल्या पेशी उतरल्या, आणि काका इस्पितळाच्या बाहेरच्या बाकावर गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले. तिथं तपासायला कागद नव्हता, लावायला अट नव्हती. परिचारिका यायची, "बसा" म्हणायची, आणि ते बसलेलेच असायचे. काकू बऱ्या झाल्या, घरी आल्या, चार महिन्यांत पहिल्यासारख्या भांडायलाही लागल्या. काका मात्र त्या बाकावरून पुरते उठलेच नव्हते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही असतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

बातमी इमारतीत पसरली आणि सल्ल्यांना तोंड फुटलं. फुकटचा सल्ला द्यायला कुणाला परवाना लागत नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, निघण्याआधी महिनाभर रोज कच्चा लसूण खा, अंगाला असा वास येतो की डास फिरकत नाही. काकांनी आठवडाभर खाल्ला. डास फिरकत होते, कचेरीतली माणसं मात्र फिरकेनाशी झाली. समोरच्या वहिनी म्हणाल्या, पिवळे कपडे घाला, डासांना पिवळा रंग दिसत नाही. त्यांच्या यजमानांनी लगेच दुरुस्ती केली की दिसत नाही तो पांढरा, पिवळ्यावर तर तुटून पडतात. यावरून त्या दोघांत जी जुंपली ती सहल आटोपून आल्यावरही चालू होती.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं खरोखरची कामाची वस्तू दिली. कपड्यांवर फवारायचं औषध. फवारायचं, सावलीत वाळवायचं, डास कपड्यावर बसला की खलास. पण फवारणीत एखादी जागा सुटली तर काय, हा विचार काकांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी न्हाणीघरात मोठी बादली मांडली, बाटली ओतली आणि दोघांचे प्रवासाचे सगळे कपडे एकदम बुडवले. त्यात काकूंचा आकाशी ड्रेस होता, लेकीच्या हट्टापायी खास या सहलीसाठी शिवलेला, बिनबाह्यांचा. आणि काकांचा एक नवा लाल टी-शर्टही होता. तासाभरानं काकूंनी बादलीत डोकावून पाहिलं.

"हा माझा ड्रेस?"

"हो. पण आता एक डास बसणार नाही त्याच्यावर."

"डासच काय," काकू पिळता पिळता म्हणाल्या, "कुणाची नजरसुद्धा बसणार नाही."

ड्रेस वाळल्यावर वांग्याच्या सालीसारखा दिसत होता, तोही जागोजाग. काकूंनी तो तसाच घडी करून बॅगेत ठेवला. त्या चिडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

त्यानंतर लस. एका बंदरासाठी पीतज्वराची लस लागेल की काय, याबद्दल पुस्तिकेत 'लागू शकते' असं लिहिलं होतं, आणि 'शकते' या शब्दावर काकांनी जन्मभर लोकांचे दावे अडवले होते. त्यामुळे ते काकूंना घेऊन सरकारी लसीकरण केंद्रावर पोचले. खिडकीमागच्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "एका कुपीत दहा जणांची लस असते. एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते. दहा जण जमले की फोडतो."

"आज किती जमलेत?"

"तुम्ही दोघं."

"मग उरलेले आठ?"

"ते तुम्ही बघा."

आता घोडं इथंच पेंड खात होतं. काका बाहेरच्या पडवीत उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारू लागले, "आपण परदेशी चाललाय का हो?" एक गृहस्थ जन्माचा दाखला काढायला आले होते, ते म्हणाले, मला घरी जायलाच उशीर झालाय. एका बाईंनी पर्स छातीशी धरून रस्ता ओलांडला. पहारेकऱ्यानं दोनदा येऊन हटकलं. काका हताश होऊन पायरीवर बसणार तेवढ्यात कुठल्याशा देशात कार्यक्रमाला निघालेला अख्खा वाद्यवृंद आत शिरला, मोजून आठ जण. काकांनी त्यांचं असं स्वागत केलं की वाद्यवृंदालाही इतकं कौतुक क्वचित लाभलं असेल. पुढं सुई पाहून त्यांचा ढोलवाला चक्कर येऊन पडला, त्याला सावरताना काका मध्ये सापडले, आणि आतल्या परिचारिकेनं त्यांनाच विचारलं, "तुमचं वाद्य कुठलं?"

"मी विमा कंपनीत आहे," काका ताठ होऊन म्हणाले.

लस टोचल्याचा हा दाखला बोटीवर कुणी मागितलाही नाही, ही गोष्ट वेगळी. तिथं मागितलं गेलं ते भलतंच. बंदरावर सामान यंत्रातून जात होतं आणि काकांची बॅग आत गेल्यावर पट्टा थांबला. सुरक्षेच्या माणसानं एकेक वस्तू बाहेर काढून टेबलावर मांडली. डासांच्या अगरबत्त्या, कॉइलची बारा पाकिटं, मेणबत्त्या, आणि डास मारायची विजेची रॅकेट. मागं रांग वाढत होती.

"बोटीवर काहीही जाळायला बंदी आहे," तो म्हणाला. "आणि हे काय?"

"रॅकेट. कशी चालते दाखवतो," म्हणून काकांनी बटण दाबलं. जाळीत तडतड ठिणगी उडाली आणि पलीकडच्या बाई किंचाळल्या. दोन जादा माणसं धावत आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. सगळं जप्त झालं. काकूंनी तोवर एका अनोळखी कुटुंबाशी अशा गप्पा सुरू केल्या होत्या की त्या त्यांच्याचबरोबर आल्या आहेत असं कुणालाही वाटावं.

पण मच्छरदाणी मात्र सुटली. मच्छरदाणीवर कुठल्याच नियमात बंदी नव्हती. घरच्या डबल बेडची, चार कोपऱ्यांना नाड्या असलेली ती मच्छरदाणी काकांनी टॉवेलमध्ये गुंडाळून आणली होती. बोटीतली खोली एवढी लहान होती की एकानं वळायचं तर दुसऱ्यानं आधी बसून घ्यावं लागे. भिंती पत्र्याच्या, कुठं खिळा नाही, खुंटी नाही. काकांनी एक नाडी पडद्याच्या दांड्याला बांधली, एक कपाटाच्या मुठीला, एक न्हाणीघराच्या दाराला. चौथा कोपरा उरला. वर छतातून एक छोटी धातूची तोटी डोकावत होती.

"तिला हात लावू नका," काकू म्हणाल्या. "आगीच्या वेळी पाणी सोडतात ना, ती असणार ती."

"मी ओढून बघितलीय. पक्की आहे."

"अहो, दुपारचे तीन वाजलेत. आत्ता कशाला मच्छरदाणी?"

"तालीम," काका म्हणाले. "आधी करून बघितलेलं बरं."

ते पलंगावर चढले, नाडीला गाठ मारली, ताण बरोबर येतो का ते बघायला मच्छरदाणी जरा खाली ओढली. त्याच क्षणी खोली आवरायला आलेल्या माणसानं बाहेरून दार वाजवलं, काकांचा तोल गेला आणि आधाराला त्यांनी मच्छरदाणीच धरली. तोटी मोडली. छतातून काळपट पाण्याचा असा झोत सुटला की काकांना आधी वाटलं बोटच बुडाली. घंटा वाजू लागल्या. तो माणूस दारात उभा राहून पाहत राहिला. पलंगावरून मच्छरदाणीत पुरते गुरफटलेले एक वयस्कर गृहस्थ घरंगळत होते आणि त्यांच्या पत्नी शांतपणे चपला वर उचलून ठेवत होत्या.

जमिनीवर पडताना काकांचा पाय मुरगळला. बोटीच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पायाला पट्टी गुंडाळली आणि हकीकत ऐकून घेतली. त्या हसल्या नाहीत, एवढं त्यांचं श्रेय.

"काका, किनाऱ्यापासून इतक्या आत डास येतच नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि खोलीत तर खिडकीही उघडत नाही. शिवाय डेंग्यूचा डास रात्रीपेक्षा दिवसा जास्त चावतो. जपायचं असेल तर बंदरावर उतराल तेव्हा जपा. लांब बाह्या, मोजे. आधी उन्हाचं मलम, त्यावर डासांचं. घाम आला की पुन्हा लावायचं. बस."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"मला झाला होता ना तो," काकू म्हणाल्या. "इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसा चावतो म्हणून."

"मग बोलली का नाहीस? लसूण खाल्ला मी आठवडाभर!"

काकू काही बोलणार तेवढ्यात दारात, बेटांवरच्या सहलींची नावं नोंदवतात त्या खिडकीवरची मुलगी डोकावली. हसतमुख, गळ्यात ओळखपत्र. म्हणाली, "काका, तुम्हाला शोधत होते. उद्याच्या धबधब्याच्या सहलीतून तुम्ही सकाळी दोघांची नावं काढलीत ना, ते काम झालंय बरं का. जागा पुढच्यांना दिल्या." आणि चांगली बातमी दिल्याच्या आनंदात ती निघून गेली.

डॉक्टरीणबाईंना कपाटात काहीतरी शोधायचं आठवलं.

काकांना वाटलं, आता काकू बोलतील. ओरडतील. त्यांना तेच हवं होतं. काकूंनी पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं आणि बाहेर आल्यावर, कठड्याशी, समुद्राकडे बघत म्हणाल्या, "मी आजारी होते तेव्हा दार उघडलं की तुम्ही बाकावर दिसायचात. हात असे गुडघ्यावर. तुम्हाला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. माझा ताप मला सोसवत होता, ते तुमचं बसणं सोसवत नव्हतं. म्हणून या वेळी तुम्ही धडपडायला लागलात तेव्हा म्हटलं, करू दे. ड्रेस गेला तर गेला. करू दे यांना काहीतरी." त्या थांबल्या. "पण धबधबा काढायला नको होता हो तुम्ही. मला सांगायचं तरी."

"मला भीती वाटते," ते म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं आणि त्यांनाच ते दुसऱ्या कुणाचं वाटलं.

"माहीत आहे," काकू म्हणाल्या.

मग काका लंगडत सहलींच्या खिडकीपाशी गेले. ती हसतमुख मुलगी तिथंच होती.

"आमची नावं परत घाला."

"रद्द केलेली जागा परत मिळत नाही, काका. अटींमध्ये लिहिलंय." तिनं छापील कागद फिरवून त्यांच्यापुढं ठेवला आणि बारीक अक्षरांच्या ओळीवर बोट ठेवलं.

हुबेहूब असंच बोट काकांनी जन्मभर ठेवलं होतं. समोरचे लोक मग ओळ वाचायचे नाहीत, त्यांच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, साहेब, काहीच करता येणार नाही का? तेव्हा काकांना नेहमी वाटायचं, वाचता येत असून ही माणसं असं का विचारतात. आता त्यांनीही ओळ वाचली नाही.

"काहीच करता येणार नाही का हो?" ते म्हणाले. "माझी बायको आहे. मागच्या वर्षी फार आजारी होती. तिला धबधबा बघायचाय. चूक माझी आहे, तिनं नाव काढलेलंच नाही. अटीत बसत नाही, मला कळतं. बसवून दाखवा म्हणत नाही. तुम्हीच बघा काही."

मुलीनं त्यांच्या पट्टीकडे पाहिलं, फोन उचलला, कुणाशी तरी बोलली, हो-नाही केलं, आणि शेवटी म्हणाली, "एक जागा आहे. एकच. चालेल?"

चालेल का, हाच तर प्रश्न होता. एकच जागा म्हणजे काकू एकट्या. भर दिवसा, जंगलात, साचलेल्या पाण्याशेजारून, आणि काका पाय वर करून बोटीवर. त्यांच्या मनात जेवढ्या भयंकर गोष्टी होत्या त्या सगळ्या या एका जागेत मावल्या होत्या. तरी ते म्हणाले, "चालेल. तिचं नाव लिहा."

सकाळी खोलीत, ओल्या गालिच्याच्या वासात, काकू पलंगावर बसल्या आणि काकांनी त्यांना मलम लावलं. आधी उन्हाचं. ते वाळू दिलं. मग डासांचं. घोट्यांना, कानांमागं, मानेवर केसांच्या खालच्या बाजूला. तिथली काकूंची कातडी किती मऊ आहे हे काका विसरूनच गेले होते, आणि आठवल्यावर त्यांचा हात जरा जास्तच सावकाश फिरू लागला. काकूंना गुदगुल्या झाल्या. "पुरे," त्या म्हणाल्या, पण मान तशीच पुढं वाकवून बसल्या. वर लांब बाह्यांचा शर्ट, खाली पँट, मोजे.

"पाण्याची बाटली घेतलीस? घाम आला की परत लाव. आणि तिथं झाडीत कुठं…"

"येते मी," काकू म्हणाल्या.

त्या उतरल्या. काका वरून पाहत राहिले. काकूंचा शर्ट गर्दीत दिसत होता तोवर त्यांनी हात हलवला आणि दिसेनासा झाल्यावरही हलवत राहिले. मग खुर्चीवर बसले. गुडघ्यावर हात गेले ते त्यांनी मुद्दाम काढले. शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी विचारलं, "एकटेच?" काका म्हणाले, "नाही, बायको धबधब्याला गेलीय," आणि हे सांगताना आपल्याला थोडा अभिमानही वाटतोय हे पाहून ते चकित झाले. जेवणाची वेळ झाली, गेली. त्यांनी दोन घास खाल्ले. पाण्याकडे बघून कंटाळा आला. ऊन कलायला लागलं तेव्हा पहिली माणसं परत येताना दिसली आणि काका पायाची पट्टी विसरून कठड्याकडे धावले.

काकू सगळ्यात शेवटी आल्या. केस ओले, नाक उन्हानं लाल, एक मोजा कुठंतरी हरवलेला, शर्टाच्या बाह्या वर केलेल्या. दहा वर्षांच्या पोरीसारखं हसू तोंडभर पसरलेलं. त्या तशाच येऊन काकांच्या शेजारच्या खुर्चीत धप्पकन बसल्या.

काकांच्या मनात प्रश्नांची रांग लागली होती. बाह्या वर का केल्यास, मोजा कुठं गेला, मलम परत लावलंस का, अंग कसकसतंय का. ते सगळे प्रश्न गिळून त्यांनी विचारलं, "कसा होता?"

"अहो, आधी दिसतच नाही! नुसता आवाज येतो. आम्ही चालतोय, चालतोय, आणि आवाज मोठा होतोय. ती माझ्यापुढची बाई म्हणाली गाडी असेल. मी म्हटलं, बाई, जंगलात कुठली गाडी? मग वळण आलं, आणि…" काकूंनी दोन्ही हात वर नेऊन खाली आणले. "एवढं! तुषार थेट तोंडावर. मी पाण्यात उभी राहिले. हो, राहिले, ओरडू नका. आणि मला रडायलाच आलं. लोक बघत होते, मी रडतेय आणि हसतेय."

बोलता बोलता त्यांनी डावं कोपर खाजवलं. तिथं एक लहानशी लाल गांधी उठली होती. काकांनी ती पाहिली. ताप यायचा असला तर लगेच येत नाही, दिवस जातात, हे त्यांना तोंडपाठ होतं. ते दिवस आता मोजावे लागणार होते, आणि ते मोजणार होते, एकटे, मनातल्या मनात. त्यांचा हात काकूंच्या कोपराकडे गेला आणि वाटेत त्यांच्या तळव्यावर थांबला. तळवा अजून गार होता.

काकू बोलायच्या थांबल्या होत्या. त्या काकांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"मग?" काका म्हणाले. "पाण्यात उभी राहिलीस. पुढं?"